बापाचा खांदा

माझा भाऊ शिंपी आहे. त्याच्या हाताला जेवढी अक्कल आहे त्याच्या निम्मी जरी डोक्याला असती, तर आमच्या घरात हे सगळं घडलंच नसतं. हे मी त्याच्या तोंडावर बोललेय, एकदा नाही, दहादा. तो सुईत दोरा ओवत बसतो, आणि दोरा पहिल्या फटक्यात ओवला जातो, म्हणून मला आणखी राग येतो.

अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणते. दुकान अरुंद आहे. दोन शिलाई मशिनी, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री, आणि कडेने काळे डाग पडलेला एक उभा आरसा. दाराशी माझं स्टूल. नवरा गेल्यावर मी तिथे येऊन बसले ती अजून बसलेय. काज, बटणं, हातशिलाई माझ्याकडे. मी साठीची झाले तरी दादा मला 'छोटे' म्हणूनच हाक मारतो, आणि गिऱ्हाइकांसमोर मारतो.

माप घ्यायची त्याची एक तऱ्हा आहे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की आधी टेप गळ्यातच ठेवून हा त्याच्याभोवती एक चक्कर मारतो. एक शब्द बोलत नाही. मग म्हणतो, "उजवा हात जड कामाचा दिसतोय." किंवा, "तुम्ही त्या औषधांच्या दुकानवाल्यांचे चिरंजीव का हो?" माणूस चाट पडतो. कसं ओळखलं? तर खांद्यावरून. दादाचं म्हणणं असं की नाकडोळे कसेही येतात, आईचे, आजीचे, शेजाऱ्याचे सुद्धा, पण खांद्याचा उतार बापाकडूनच येतो. मुलगा लांब असला तर बापाचं जुनं माप काढून त्यावर मुलाचा कोट कापायचा, आणि तो बसायचासुद्धा! लोक वाहवा करायचे. वाहवा फार वाईट. एकदा चढली की उतरत नाही.

आता त्याचा स्वतःचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. आमच्या वडिलांचा तसाच होता. काकाचाही तसाच. आणि वडील गेले ते किडनीच्या आजाराने. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी, शेकड्यांनी. शेवटी शेवटी पोट असं फुगलेलं की दादाने त्यांचे सदरे दोनदा उसवून मोठे केले. काका त्यातच गेला. दादाला तिशी ओलांडल्यावर रक्तदाब वाढला, तपासलं, तर त्यालाही त्याच गाठी. मग मला तपासलं. माझं सगळं स्वच्छ. आणि माझे खांदे आईसारखे, सरळ.

झालं! तिघांचे खांदे उतरते, तिघांना आजार. हिचे सरळ, ही ठणठणीत. दादाला कायदा सापडला. डॉक्टर नाही म्हणाले का? म्हणाले असतील. पण जो माणूस अनोळखी पोराचा बाप खांद्यावरून सांगतो, तो डॉक्टरचं कशाला ऐकेल?

त्याला दोन मुलं. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. वहिनी लवकर गेली, म्हणून दोघं माझ्या अंगाखांद्यावरच वाढली. आम्ही नावं घेतच नाही, थोरली आणि धाकटा, बस.

थोरली लहान असतानाची गोष्ट. शाळेच्या गणवेशाची ट्रायल होती. दादाने तिला कापायच्या टेबलावर उभं केलं, पाठीमागून बाहीचं माप लावलं आणि तसाच थांबला. मी बटण टाचत होते. मान वर करून बघितलं तर हा भिंतीला टेकून उभा, रंग उडालेला. टेबलावर पोर वाट बघतेय. "बाबा, झालं?" पोरीचा डावा खांदा बोटभर खाली होता.

त्या दिवसापासून त्या पोरीचं आयुष्य बदललं. तिच्या ताटात मीठ कमी. तिने धावायचं नाही, जड उचलायचं नाही. पाण्याची बाटली कायम गळ्यात. ताप आला की हा रात्रंदिवस उशाशी. माया होती हो त्याची, मी नाही म्हणत नाही. पण त्या मायेत एक निकाल होता, आणि तो पोरीला रोज ऐकवला जात होता. "तुझं माझ्यासारखं आहे बेटा. जपायला हवं." लहान मुलाला रोज सांगितलं की तू नाजूक, तर ते नाजूकच होतं. ती मोठी झाली तेव्हा मी म्हटलं, अरे एकदा तपासून तरी घे. तर म्हणतो, "कशाला? मला दिसतंय." ती पण म्हणाली, "कशाला आत्या? माहितीच आहे." मी तणतणले, पण दोघांनी मिळून मला गप्प केलं.

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात एक गृहस्थ होता, भला, हसरा. त्याला थोरली आवडायची. तो दुकानात येऊन दादाशी बोलला. दादाने त्याला स्टूलवर बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. हिच्या अंगात आजार आहे, हिला मुलं झाली तर त्यांनाही होईल, तू नीट विचार कर. त्याने विचार केला, आणि परत फिरकला नाही. थोरलीने आतून सगळं ऐकलं होतं. मी फणफणत आत गेले, तर ती म्हणाली, "बाबा खरंच बोलले ना. मी कुणाला हे द्यायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. दोन गल्ल्या सोडून एक पाळणाघर आहे, तिथे ती काम करते. दिवसभर दुसऱ्यांची मुलं कडेवर. जड उचलू नको म्हणणाऱ्या बापाला ती हे कधी सांगायची नाही.

आणि धाकटा? त्याचे खांदे सरळ. फूटपट्टी ठेवा. तो पोहला, मारामाऱ्या केल्या, ताटात वरून मीठ घेतलं, गोदामात क्रेन चालवायला लागला, लग्न केलं, एक गोड मुलगी झाली. त्याला कधी कुणी तपासलं नाही. कशाला तपासायचं! डोकं दुखायचं त्याचं, अधूनमधून, चांगलं ठणकायचं. तर म्हणायचा, केबिनमध्ये ऊन फार लागतं.

मग दादाच्या किडन्यांनी हात टेकले.

दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. सकाळी जायचं, खुर्चीवर पडायचं, हातात दोन जाड सुया, शेजारी ते मशीन गुरगुरत राहायचं. दुपारी परत यायचा तेव्हा चेहरा पिळून काढल्यासारखा. तरी संध्याकाळी टेबलाशी उभा राहायचा. पण कात्री थरथरायला लागली. एकदा एक चांगली बाही वाकडी कापली, आणि त्या कपड्याकडे बघत बसला तो मला बघवेना. वर सुई लावायची शीर पण दगा द्यायला लागली. किडनीच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला आणि दोघा मुलांना बोलावून दादासमोरच सरळ सांगितलं, "असं फार काळ निभणार नाही. घरातलं कुणी किडनी दिली तर चांगलं. बाहेरून मिळायची रांग मोठी आहे, तोवर ते टिकतील याची खात्री मी देत नाही."

मी हात वर केला. माझी साखर आडवी आली, बाईंनी मला एका मिनिटात बाद केलं. धाकटा लगेच म्हणाला, "मी देतो. मी तर ठणठणीत आहे." छाती पुढे काढून म्हणाला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई म्हणाल्या, "आधी दोघांची सोनोग्राफी."

"थोरलीची कशाला?" दादा म्हणाला. "तिच्यात आहे."

"कधी तपासलं?"

मी म्हटलं, "खांद्यावरून कळलंय त्यांना." बाईंनी माझ्याकडे बघितलं. थट्टा करतेय असं वाटलं असावं. मी थट्टा करत नव्हते.

सोनोग्राफीला धाकट्याने मला आत ओढलं. "आत्या, तू चल. पोटाला काही लावलं की मला गुदगुल्या होतात, कुणीतरी दरडावायला हवं." आतली खोली अंधारी, पडद्याचा तेवढा निळसर उजेड. तपासणारी मुलगी आधी गप्पा मारत होती. कुठे काम करता, क्रेनवर भीती वाटत नाही का. हा उत्तरं देत होता, मध्येच फिदीफिदी हसत होता. मग तिने यंत्र कुशीकडे सरकवलं आणि ती बोलायची थांबली.

"श्वास धरा."

त्याने धरला.

"सोडा. परत धरा."

मी पडद्याकडे बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण एक चित्र मी ओळखते. दादाच्या तपासण्यांना मीच जायचे. करड्या भागात काळे काळे गोल, लहान, मोठे, एकाला एक चिकटलेले. तेच गोल होते. मी पलंगाचा दांडा धरला. ती मुलगी दुसऱ्या कुशीकडे गेली. तिथेही तेच. धाकटा छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "काय हो, इतका वेळ काय शोधताय? हरवलीय का माझी किडनी?"

मला दरडावायला आत आणलं होतं ना. मी नुसता त्याचा पाय थोपटला.

बाहेर बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून सांगितलं. आवाज शांत, शब्द मोजके. गाठी दोन्ही बाजूंना आहेत. रक्तदाब आजच जास्त आहे, गोळी सुरू करायची. किडन्यांचं काम अजून चांगलं चाललंय, जपलं तर बरीच वर्षं चालेल. पण किडनी देण्याचा प्रश्नच नाही. धाकट्याने सगळं ऐकलं. मग एकच वाक्य बोलला, "माझी मुलगी चार वर्षांची आहे."

"तिचं आत्ता काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "बापाकडे दोष असला की प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा होतो. तुमच्या वेळी एकदा झाला, तुमच्या बहिणीच्या वेळी वेगळा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. चेहऱ्याशी नाही, बांध्याशी नाही."

"खांद्याशी?" मी विचारलं.

"खांद्याशीही नाही."

थोरली दुसऱ्या दिवशी गेली. मला वाटतं ती केवळ धाकट्यासाठी गेली, तो एकटा पडू नये म्हणून. तिला खात्रीच होती. पडद्यावर मी जीव डोळ्यांत आणून काळे गोल शोधत होते. तपासणाऱ्या मुलीने एक बाजू बघितली, दुसरी बघितली आणि म्हणाली, "दोन्ही स्वच्छ."

"परत बघा," थोरली म्हणाली.

तिने परत बघितलं. मग बाईंनी मोठ्या मशीनमध्ये घालून बघितलं. काही नाही. एक गाठ नाही, ठिपका नाही. अडतिशीच्या बाईच्या अशा सुरेख किडन्या म्हणे क्वचित बघायला मिळतात.

बाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली. मला वाटलं रडेल. आधी ती हसायला लागली, तोंडावर ओढणी दाबून. शेजारची माणसं बघायला लागली. मग हसणं थांबलं आणि म्हणाली, "आत्या, मी मीठ का नाही गं खाल्लं?"

मी काय सांगू? मी तिला जवळ घेतलं आणि मनातल्या मनात भावाला अशा शिव्या दिल्या की इथे सांगता येणार नाहीत.

त्या संध्याकाळी दुकानाची फळी अर्धी लावून आम्ही चौघं आत बसलो. दादाला सगळं सांगितलं. त्याने आधी धाकट्याकडे बघितलं, मग थोरलीकडे. आणि काय म्हणावं या माणसाने? "पण खांदा तर माझाच आहे तिचा."

मी उठलेच. "चुलीत घाल तो खांदा! पोरीचं आख्खं आयुष्य उतरून ठेवलंस टेबलावर, आणि अजून खांदाच बघतोयस? आणि हा, हा बिचारा मीठ चाखत हिंडला, डोकं धरून बसायचा, त्याला कुणी एक गोळी दिली नाही, कारण काय तर खांदे सरळ!"

"आत्या, पुरे," धाकटा म्हणाला. पण त्याचाही आवाज फाटला होता. बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, मला कधीतरी मापायचं होतंत ना. तिला रोज मापलंत. माझ्याकडे एकदा तरी संशयाने बघायचं होतंत." दादाने मान खाली घातली. तो रडला नाही.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही, पण ठरलंच. थोरली देणार. दुसरं कोण आहे? मी तर गल्लीत सांगूनसुद्धा टाकलं. रक्तगट एकच निघाला, पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. ती मुकाट्याने जायची, रक्त द्यायची, कामावर जायची. दादाच्या हाताची शीर आणखी बिघडली, मानेत नळी घालावी लागली. एकदा डायलिसिस चालू असताना त्याचा रक्तदाब असा कोसळला की सगळे धावले. मी काचेबाहेर उभी होते. तेव्हापासून मला एकच दिसत होतं. थोरलीची किडनी वेळेत मिळाली तर भाऊ राहतो, नाहीतर जातो.

आणि अशात या माणसाने आणखी एक शहाणपणा केला. एका रविवारी थोरली दुकानात डबा घेऊन आली. हा म्हणाला, "बेटा, मी विचार केलाय. मला नको. तुझी किडनी धाकट्यासाठी ठेव. त्याला पुढे लागेलच. माझं काय राहिलंय?"

थोरली डबा उघडत होती. झाकण तिच्या हातातच राहिलं.

"माझी किडनी," ती म्हणाली. "ती कुणासाठी ठेवायची ते तुम्ही ठरवलंत."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"मी काय कापडाचा तागा आहे, बाबा? एवढं याच्यासाठी, उरलं तर त्याच्यासाठी? आधी ठरवलंत माझं खराब आहे. आता ठरवताय माझं चांगलं आहे, आणि ते कुणाला द्यायचं तेही. मध्ये मला एकदा विचारलंत? काय हवंय तुला, असं? एकदा?"

इतक्या वर्षांत मी तिचा चढा आवाज ऐकला नव्हता. समोरचा इस्त्रीवाला बाहेर डोकावला. दादा खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "काय हवंय तुला?"

तिने तोंड उघडलं, आणि तिला उत्तर सापडेना. खरंच सांगते, ते बघणं त्या भांडणापेक्षा वाईट होतं. ती डबा तिथेच ठेवून निघून गेली.

तरी तपासण्यांना जात राहिली. म्हणून मी निर्धास्त होते. शेवटी बाईंनी तिला एकटीला बोलावलं. देणाऱ्याशी एकट्यानेच बोलायचा त्यांचा नियम आहे, घरचं कुणी आत नको. मी जिन्याशी थांबले. बराच वेळ झाला. ती बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मी विचारलं, "कधीची तारीख दिली?"

"दिली नाही."

"म्हणजे? जुळलं नाही?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "जुळलंय. छान जुळलंय. मी नाही म्हटलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ती सांगत होती. बाई तिला म्हणाल्या होत्या, देण्याची सक्ती नाही. मनात नसेल तर फक्त मला सांगा. घरच्यांना मी एवढंच सांगेन की तुम्ही देण्याजोग्या नाही. का, ते कुणी विचारलं तरी मी सांगणार नाही. थोरली म्हणाली, "आत्या, मी आत गेले तेव्हा हो म्हणायलाच गेले होते. पण त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय. आणि या वेळी उत्तर आलं."

"काय आलं?"

"मला एक मूल हवंय. माझं. उशीर झालाय, माहितीय मला. होणारही नाही कदाचित. कुणाबरोबर तेही माहीत नाही. पण हे शरीर मला आत्ता कुठे मिळालंय. इतकी वर्षं ते आजाराचं होतं. मला ते थोडे दिवस तरी अख्खं हवंय."

"आणि तो मेला तर?" मी ओरडले. जिन्यावरून जाणारे थांबले. थांबू देत. "माझा भाऊ आहे तो! मूर्ख आहे, हट्टी आहे, पण तुझा बाप आहे! तापात तुझ्या उशाशी बसला तो! तुझी एक जाऊन दुसरी राहते, त्याचा जीव जातो. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"ते गेले तर मी रडेन. जन्मभर रडेन. पण देणार नाही." ती पायरीवरून उठली. "मी तुला खोटं सांगू शकले असते, आत्या. सांगितलं नाही. आता तुला बाबांना सांगायचं असेल तर सांग."

मी तिथून निघाले ते सरळ डायलिसिसच्या खोलीकडे. डोळ्यांत पाणी आणि डोक्यात आग. मनाशी पक्कं ठरवलं होतं, सांगणार. त्याने हात जोडले तर ती विरघळेल. ती तशीच आहे, आयुष्यभर विरघळतच आलीय. त्याने एक शब्द टाकला की उद्या तारीख मिळेल. भाऊ वाचेल. मग पोरगी माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल. मला माझा भाऊ हवा होता. त्यात लपवायचं काय?

खोलीत खुर्च्यांची रांग, प्रत्येकाशेजारी मशीन. दादा खिडकीपाशी पडलेला, मानेतल्या नळीतून रक्त जातंय, येतंय. डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलून नुकत्याच वळल्या होत्या. माझ्याजवळून जाताना त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

मी स्टूल ओढून बसले. तोंड उघडलं.

"जुळलं नाही म्हणे," दादा म्हणाला.

"दादा, ऐक. मला तुला..."

"परवाच नर्सबाई सांगून गेल्या होत्या मला. मुलीचं सगळं झकास जुळलंय म्हणून. खूश होत्या बिचाऱ्या." तो छताकडे बघत बोलत होता. "आणि आज डॉक्टर म्हणतात, देण्याजोगी नाही. का विचारलं, तर गप्प."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"जिन्यावर ओरडत होतीस का गं? तुझा आवाज इथवर आला. शब्द नाही कळले." त्याने हात पुढे करून माझं मनगट धरलं. थंडगार हात, पण पकड शिंप्याची. मला हलता येईना. तो घाबरलेला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो मरणाला घाबरलेला होता आणि ते लपवतही नव्हता. कपाळावर घाम होता. मशीनने मध्येच शिटी मारली, नर्स आली, एक बटण दाबून गेली. तेवढा वेळ त्याने माझं मनगट सोडलं नाही.

"जन्मात पहिल्यांदा त्या पोरीने मला नाही म्हटलंय," तो म्हणाला. "स्वतःसाठी काहीतरी ठेवून घेतलंय. छोटे, मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. नाहीतर येऊन देऊन टाकेल."